साथीच्या दिवसांतलं पॉवरहाऊस

लग्न होऊन मी पॉवरहाऊसच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले तेव्हा विजेबद्दल मला एकच गोष्ट माहीत होती, की तिला हात लावायचा नाही. माझं माहेर आतल्या खारेपाटातलं, भातशेतीचं. तिथे रॉकेलच्या चिमण्या आणि एक कंदील. मी सातवी पास होते, अक्षर वळणदार होतं, आणि मुलगा 'इंजिनवर' आहे एवढ्यावर वडिलांनी स्थळ पसंत केलं होतं.

आमचं गाव किनाऱ्यावरचं, रेवसपासून फार लांब नाही. मुंबईची लाँच रेवसला लागली की दोनेक तासांत तिच्यातली माणसं आमच्या बाजारात दिसायची. वीज एका खाजगी कंपनीची होती. पॉवरहाऊसात दोन डिझेल इंजिनं होती, एक थोरलं आणि एक धाकटं. धाकटं दिवसा काही तास चालायचं, थोरलं संध्याकाळी दिवेलागणीपासून अकरापर्यंत. तिथून तीन लाइनी निघत. एक बाजाराची, तिच्यावर दुकानं, घरं, टूरिंग टॉकीज आणि डोंगराखालच्या विहिरीवरचा पाण्याचा पंप. दुसरी कोळीवाड्याची, तिच्यावर बर्फाचा कारखाना. तिसरी आत खारेपाटात गेलेली, फक्त भाताच्या गिरणीसाठी. प्रत्येक लाइनीचा एक काटा भिंतीवरच्या बोर्डावर होता. लाइनीवर जितका भार, तितका काटा वर.

हे मुख्य ड्रायव्हर. त्यांच्या हाताखाली एक असिस्टंट, आणि तिसरे तेलवाले काका. काका मिठागरांच्या बाजूच्या एका वाडीवरचे, पन्नाशी उलटलेले. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण इंजिनाच्या अंगावर हात ठेवून ते त्याची प्रकृती सांगत. दर अर्ध्या तासाला तिन्ही काटे वहीत लिहायचे असत. ह्यांचे हात कायम तेलकट, वहीची पानं काळी होत आणि मॅनेजर ओरडत. म्हणून घरातली कामं आटपली की मी वही घेऊन बोर्डासमोरच्या स्टुलावर बसायची. हे आकडे सांगायचे, मी लिहायची. दोन वर्षं लिहिलं. पुढे पुढे ह्यांनी सांगायच्या आधीच मी लिहून मोकळी व्हायची.

सत्तावन सालच्या मे महिन्याच्या शेवटी फ्लू आला. मुंबईत साथ असल्याचं पेपरात होतंच. मग लाँचमधून माणसं यायला लागली, गिरण्यांत कामाला असलेली, बायकामुलांना घेऊन गावी परतणारी, डोक्याला फडकी बांधलेली. चार दिवसांत बाजारातली निम्मी दुकानं फळ्या लावून बंद. टॉकीजवाल्याने तंबू उभाच ठेवला आणि खेळ बंद केला.

बाजाराचा काटा संध्याकाळी घसरला, ह्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. एरवी नऊ वाजले की घरोघरचे दिवे मालवले जात आणि काटा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येई. आता तो पहिल्यापासूनच कमी असे, पण अकरापर्यंत जागचा हलत नसे. घरात कुणीतरी कण्हत होतं, दिवा मालवायचा कुणी?

कोळीवाड्याचं उलटं झालं. तिथे ताप पोचला तेव्हा होड्या वर ओढल्या गेल्या. हंगामाचे शेवटचे दिवस होते, पण खलाशीच आडवे. मासळी नाही तर बर्फ कशाला, म्हणून काटा एकदम पडला. दोन दिवसांनी मात्र पुन्हा चढला. गावभरचे लोक कपाळावर ठेवायला बर्फ मागू लागले होते. आणि खारेपाटाची लाइन जशीच्या तशी. पावसाळ्याची बेगमी म्हणून लोक भात भरडून घेत होते, गिरणी जोरात होती.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर एका दुपारी बर्फाचं विचारायला आले. कारखाना रोज चालणार का, एवढंच त्यांना हवं होतं. ह्यांनी हो म्हटलं. डॉक्टर निघाले तसं मी स्टुलावरून म्हटलं, "डॉक्टर, आज खारेपाटाचा काटा पडलाय."

"म्हणजे?"

"गिरणी सकाळपासून बंद आहे. कोळीवाड्यात ताप पोचला त्या दिवशी तिथला काटा असाच पडला होता."

डॉक्टर परत आले. त्यांनी वही हातात घेतली, मागची पानं उलटली. आजारी माणूस बैलगाडीत घालून दवाखान्यात आणायचं ठरवायलाच तिकडच्या लोकांना चार दिवस लागायचे, तोवर खबर नसायची. "कंपाउंडरला सायकलवरून उद्याच पाठवतो," ते म्हणाले. "आणि वहिनी, काटा हलला की मला चिठ्ठी पाठवत जा." कंपाउंडर गेला तेव्हा तिथल्या तीन गावांत घरटी माणूस तापाने पडलेलं होतं.

त्यानंतर आठवड्याच्या आत असिस्टंटला ताप भरला आणि त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला. हे दोन्ही पाळ्या करू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटं इंजिन चालू करून आले आणि उंबऱ्यावरच बसले. "हाडं मोडून काढलीयत कुणीतरी," म्हणाले. अंगाला हात लावला तर तवा तापलेला. मी त्यांना आत निजवलं, पेज शिजत घातली आणि इंजिनाकडे गेले. काका होते.

दुपारी मॅनेजर आले. छत्री हातात, नाकाला रुमाल. त्यांनी ह्यांना दारातूनच बघितलं आणि बाहेर येऊन काकांना सांगितलं, "इंजिन बंद करा. आठ-दहा दिवस पॉवरहाऊस बंद. माणसं नाहीत आणि लोडही नाही. थोरलं इंजिन एवढ्याशा लोडवर नुसतं काजळी धरतं."

"आणि पंप?" मी विचारलं.

"लोक विहिरीवरून पाणी आणतील. आधी आणतच होते ना?"

"आणणार कोण? हंडा उचलणाऱ्या सगळ्या अंथरुणात आहेत. कोळीवाड्यातल्या विहिरी तर मचूळ. तापातल्या माणसाला ते पाणी घशाखाली उतरतं का?"

मॅनेजरांनी रुमाल नाकावर घट्ट धरला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती.

मी म्हटलं, "थोरलं नकोच. टॉकीज बंद, अर्धी दुकानं बंद, गिरणी बंद. आता आहे तो सगळा लोड धाकटं एकटं ओढेल. फक्त पंप आणि बर्फाचा कारखाना एकदम लावायचा नाही. सकाळी पंप, दुपारी बर्फ, संध्याकाळी दिवे. मी हिशेब करून बघितलाय, वहीत आहे."

"आणि चालवणार कोण?"

"काका इंजिन बघतील. मी बोर्ड बघीन."

ते हसलेसुद्धा नाहीत. "वहिनी, अपघात झाला तर मी काय सांगू? ड्रायव्हरची बायको चालवत होती म्हणून?"

तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. "सायब, मला आकडा वाचता येत न्हाय, तिला इंजिन उठवता येत न्हाय. दोघं मिलून एक डायवर हाय. ह्यो डायवर न्हाय चालवायचा तर दुसरा आना."

दुसरा कुठून आणणार? मॅनेजर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पॉवरहाऊसातच खुर्ची टाकून बसले, माझ्याकडे बघत. दुसऱ्या दिवशीही आले. जाताना म्हणाले, "वही नीट भरा. खाडाखोड नको." तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यांनाही ताप भरला होता.

पहिल्या दिवशी काकांनी मला इंजिनापाशी येऊ दिलं नाही. धाकट्या इंजिनाचा रुंद पट्टा उघडा फिरायचा. माझ्या गोल साडीकडे बोट करून ते म्हणाले, "बाय, पट्टा मानूस वलखत न्हाय. कास्टा घालून ये." गेलेल्या सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांचं एक जुनं नऊवारी लुगडं होतं. मी ते कासोटा मारून नेसले, पदर कमरेला गच्च खोचला आणि परत आले. पुढचा महिनाभर तीच माझी वर्दी. वाटेने जाणाऱ्या बायका थबकून बघत. एकीने विचारलंही, "नवरा आजारी, आणि ही इंजिनं चालवत बसलीय?" मी तिला म्हटलं, "नवऱ्याला पाणी पंपाचंच लागतं, काकू. तुमच्याही घरी तेच येतं."

चुका झाल्या. पहिल्या सकाळी मी पंपाचा खटका टाकला आणि पॉवरहाऊसातले दिवे एकदम मंद झाले, इंजिनाने दम टाकला. हे आतून भिंतीवर हाताने थापा मारायला लागले. मी धावत गेले तर तापाने बसलेल्या आवाजात म्हणाले, "आधी व्होल्टेजचं चाक थोडं वर घे, मग खटका. आणि घाबरून दोन्ही एकदम करू नको." दुसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी पुन्हा थापा. "काकांना सांग, दोन नंबरचा सिलिंडर चुकतोय. मला इथे ऐकू येतंय." काकांनी पाना घेतला, काहीतरी साफ केलं, आणि ठोका सरळ झाला. माणूस उठून बसू शकत नव्हता, पण त्याचे कान कामावर हजर होते.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी काकांच्या वाडीवरून निरोप आला. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या छातीत ताप उतरला होता. काका इंजिन बंद करून गेले. मी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. डॉक्टर गेले, पण तोवर काळोख पडला होता. झोपडीत एक चिमणी, तिच्या उजेडात सुईत औषधसुद्धा नीट दिसेना, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हातारी गेली. उजेड असता तर वाचली असती असं नाही, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. पण खारेपाटाच्या गिरणीची लाइन त्या वाडीच्या डोक्यावरूनच गेली होती. तारा वरून, खाली चिमणी.

दोन दिवस पॉवरहाऊस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे.

"काका, सुतकात कशाला आलात?"

"घरी बसून काय करू? टाकीत पानी न्हाय म्हनं." त्यांनी इंजिनावर हात ठेवला. मग म्हणाले, "चल बाय. इंजिनाचं चाक खुनेवर घे."

आषाढ लागला तशी साथ ओसरू लागली. मला वाटलं आता काटे हळूहळू पूर्वीच्या जागी येतील. बाजाराचा तसाच आला, एकेक दुकान उघडेल तसा. कोळीवाड्याचा तळाशी राहिला, कारण होड्या आता पावसाळ्यासाठीच वर होत्या. पण खारेपाटाचा काटा उठला तो थांबेना. नेहमीच्या जागेच्या पुढे गेला. मला वाटलं मीटर बिघडला.

त्याच दुपारी भाताचं लहानसं गाठोडं काखेला मारलेली एक बाई पॉवरहाऊसच्या दाराशी येऊन उभी राहिली. गिरणीवर गर्दी होती आणि वीज तीन तासांतच जायची, म्हणून गिरणीवाल्यानेच तिला 'वीजवाल्यांना सांगा' म्हणून धाडलं होतं.

"घरात कांडायला हात न्हाय हो," ती म्हणाली. "सासू अजून उठत न्हाय. मी मुसळ उचलते तर डोळ्यापुढं अंधारी येते. भात हाय घरात, तांदूळ न्हाय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिकडच्या बायका एरवी घरीच उखळात भात कांडत, गिरणीवर फक्त बेगमीचं जाई. ताप गेला पण अंगात ताकद राहिली नव्हती, आणि सगळ्या गावांचं कांडण एका मोटरीवर येऊन पडलं होतं. धाकट्या इंजिनाला ते झेपत नव्हतं. बर्फ बंद ठेवूनही नाही.

थोरलं इंजिन सुरू करायला हवं होतं, आणि ते मी कधी केलं नव्हतं. काकांनीही एकट्याने नाही. ते लोखंडी बाटल्यांत दाबून भरलेल्या हवेवर उठायचं. महिनाभर उभं असल्यामुळे बाटल्यांतली हवा उतरली होती, आणि हवा भरणारा छोटा पंपही नादुरुस्त. काट्यावर बघितलं तर दोन वेळा पुरेल एवढीच.

हे नुकते उठून बसायला लागले होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी घोंगडी अंगावर घेतली, भिंतीला धरून आले आणि माझ्या स्टुलावर बसले. तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

"चाक खुणेवर आणा. काका, पहार लावा."

मी आणि काकांनी मिळून पहारीने ते अवाढव्य चाक तसूतसूने फिरवलं. खूण जुळली.

"आता हवा सोड. दणका बसला की लगेच बंद."

मी झडप उघडली. इंजिनाने मोठा श्वास टाकला, चाक दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा रेंगाळलं आणि थांबलं. हवेचा काटा अर्ध्यावर आला.

झडपेवरचा हात काढला. मग मी विचारलं, "काय चुकलं?"

"लवकर बंद केलीस. घाबरलीस."

"हो."

"पुन्हा चाक लावा. ह्या वेळी मी 'बंद' म्हणेपर्यंत सोडू नको."

मी म्हटलं, "तुमचा आवाज इंजिनात ऐकू येणार नाही. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवावा. दाबला की बंद करते."

पहिल्यापेक्षा चाक जड वाटलं. माझ्या तळहाताची सालं निघाली होती. खूण जुळवली, झडपेला हात घातला, काकांचा हात खांद्यावर. उघडली. एक फेरा, दोन, तीन. खांद्यावरचा हात हलेना. चार. मला वाटलं हवा संपली. पाचव्या फेऱ्याला आतून एक ठोका पडला, मग दुसरा, आणि काकांनी माझा खांदा असा दाबला की दोन दिवस तिथे निळं होतं. झडप बंद केली. इंजिन चालत होतं. छपरावरून काळा धूर, मग करडा, मग स्वच्छ.

ह्यांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं होतं. "खारेपाट लाव," म्हणाले.

मी व्होल्टेजचं चाक वर घेतलं, मग खटका टाकला. काटा चढला आणि स्थिर राहिला. ती गिरणी त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चालली. पुढचे तीन आठवडे रोज चालली.

श्रावणात असिस्टंट परतला, हे पूर्ण बरे झाले, मॅनेजरही हडकलेले पण हिंडते-फिरते झाले. मी साडी बदलली आणि स्वयंपाकघरात परत गेले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मीच कंपनीच्या ऑफिसात गेले आणि मॅनेजरना म्हटलं, "मला कामावर घ्या. वही लिहिणारी म्हणून घ्या, पण घ्या." त्यांनी पुष्कळ विचार केला. शेवटी एक अट घातली, की बोर्डाला हात लावायचा तर सरकारी परीक्षेचा दाखला हवा. मी कबूल झाले.

त्याआधी एक अर्ज लिहायचा होता. काकांच्या वाडीला दिवे मिळावेत म्हणून. तो मी माझ्या अक्षरात लिहिला, वाडीवर जाऊन एकेकाला वाचून दाखवला आणि खाली अंगठे घेतले. अर्ज परत आला. घरं कमी आहेत, खर्च निघणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिला, डॉक्टरांचं पत्र जोडून. पुन्हा नाही. मी दर वर्षी देत राहिले. ऑफिसातले लोक मला बघितलं की "आल्या वाडीवाल्या" म्हणायचे. साठ साल उलटून गेल्यावर, कंपनीचा कारभार सरकारकडे जायच्या जरा आधी, वाडीत चार खांब उभे राहिले. काका तेव्हा निवृत्त झाले होते. मी बघायला गेले तर दारात बसून जाळं विणत होते, बल्बखाली, भर दुपारी. "मालवा की," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

परीक्षा मात्र त्या पहिल्या अर्जानंतर लवकरच होती, मुंबईला. मी पहिल्यांदा नापास झाले, लेखी पेपरात. व्याख्या पाठ नव्हत्या. दुसऱ्यांदा हे रोज संध्याकाळी पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायचे, आणि मी भाकऱ्या थापता थापता उत्तरं द्यायची. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, जनरेटरवर एकदम जास्त भार आला तर तुम्ही काय कराल? पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. ते दिलं. मग म्हटलं, "आणि साहेब, भार का आला ते आधी विचारीन. कधी कधी ते मीटरवर दिसत नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काही लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. दाखला टपालाने आला. सोमवारपासून मला सकाळची पाळी मिळाली.